आधी डबा, मग स्कॅनर

मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीत जुन्या सोसायट्या पुनर्विकासाला निघाल्या, की बांधाबांधीत माळ्यावरचा पत्र्याचा डबा खाली येतो. आत फोटो, निगेटिव्हची पाकिटं, क्वचित अमेरिकेतल्या काकांनी पाठवलेल्या स्लाइड्स. लगेच कोणीतरी फोनवर स्कॅनरच्या किमती बघू लागतं. खरं तर डब्यात काय किती आहे, हे आधी पाहायला हवं. यंत्र कोणतं, ते त्यावरच ठरतं.

बहुतेक घरांत निघतात ते कागदावरचे फोटोच. त्यांना कॅननच्या लाइड ३०० सारखा साधा फ्लॅटबेड पुरतो. किंमत दहा हजारांच्या आत. खोक्यावरच्या डीपीआयच्या मोठ्या आकड्यांना भुलू नये. ४ बाय ६ इंचांचा फोटो ६०० डीपीआयला स्कॅन केला तर २४०० बाय ३६०० पिक्सेल मिळतात. त्यापुढे सहसा फाइल तेवढी फुगते.

या स्वस्त यंत्रांची खरी मर्यादा वेगळीच आहे. त्यांतल्या सीआयएस सेन्सरला काचेला टेकलेलं तेवढंच नीट दिसतं. दमट हवेने वाकलेल्या फोटोची कड जरा वर राहिली, की तेवढा भाग धूसर. त्यासाठी फोटो जाड पुस्तकांखाली काही दिवस दाबून ठेवता येतो. फ्रेमच्या काचेला चिकटलेल्या फोटोचं मात्र काय करायचं? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. कुर्ला-कालिन्यातली तळमजल्यावरची घरं पाण्यात गेली. अशा पुरात भिजून वाळलेला फोटो काचेपासून सोलायला गेलं, तर चेहरा काचेवरच राहतो. कृपा करून तो ओढू नये. काचेसकट स्कॅन करावा, आणि त्यासाठी सीसीडी सेन्सरचं यंत्र लागतं. काचेच्या जाडीपलीकडचंही त्याला बऱ्यापैकी दिसतं.

स्लाइडचं गणित निराळं. चित्र जेमतेम २४ बाय ३६ मिलिमीटर, आणि प्रकाश आरपार जायला हवा, म्हणून लाइड तिथे निरुपयोगी. प्लसटेकचा ऑप्टिकफिल्म ८१०० हे काम चोख करतो, पण फक्त ३५ मिलिमीटरच्या फिल्मचं. इथेच अनेकांची फसगत होते. कित्येक घरांत कॅमेरा होता तो वडोदऱ्यात बनलेला आग्फा क्लिक थ्री. त्याच्या १२० च्या रोलवर ६ बाय ६ सेंटिमीटरचे १२ चौकोनी फोटो यायचे. त्या निगेटिव्ह प्लसटेकमध्ये शिरतच नाहीत. त्यांना एप्सनचा व्ही६०० हवा: झाकणात दिवा, आत सीसीडी, किंमत बरीच जास्त. स्लाइड्स शे-दीडशेच असतील तर त्या बाहेरून करून घेतलेल्या बऱ्या. डबा मोठा असेल तर चार भावंडांनी वर्गणी काढून एक व्ही६०० घ्यावा आणि घरोघर फिरवावा.

व्ही६०० मधली धूळ-ओरखडे पुसणारी इन्फ्रारेड सोय रंगीत फिल्मवर कामाची. मुंबईच्या हवेत तर फार. कृष्णधवल निगेटिव्हला मात्र ती बंद ठेवावी. त्या फिल्ममधली चांदी इन्फ्रारेड किरण अडवते आणि यंत्र चित्रालाच कचरा समजतं.

फोटोची मागची बाजूही स्कॅन करावी. स्टुडिओचा शिक्का, आजीच्या अक्षरातली नावं तिथेच असतात.

जुना स्कॅनर घ्यायचा झाला तर फिल्म धरायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या आहेत का, हे आधी पाहावं. १२० ची पट्टी हरवलेली असली, की क्लिक थ्रीच्या निगेटिव्ह सपाट धरणं कठीण. नव्या विंडोजवर ड्रायव्हर नसेल तर व्ह्यूस्कॅन हे सॉफ्टवेअर बरीच जुनी यंत्रं चालवतं. पैसे मोजण्याआधी डब्यातली एक निगेटिव्ह सोबत न्यावी आणि तिथेच स्कॅन करून बघावी.