पुण्यात कॉलेज शोधताना

पुण्यात कॉलेज शोधायचं म्हणजे एका शहरात चार गावं पाहायची. डेक्कनचं पुणं वेगळं, कॅम्पातलं वेगळं, विमाननगरचं वेगळं आणि डोंगराकडेचं लवळे तर निराळंच. डिसेंबरात भाचीला घेऊन मी दोन दिवसांत ही चारही गावं फिरले. तिची बारावी तोंडावर, त्यामुळे बहिणीची कुरकुर होती की निकाल लागू दे, मग बघू. पण खासगी विद्यापीठांचे अर्ज आणि प्रवेश परीक्षा बारावीच्या निकालाची वाट पाहत बसत नाहीत. जूनमध्ये जागे होणाऱ्यांना तिथली दारं बहुतेक बंदच मिळतात.

भाची सांगलीची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी घरात शिरलं तेव्हा ती शाळकरी होती. तेव्हापासून तिचे प्रश्न संपत नाहीत. पूर कशामुळे आला? कोयनेचे दरवाजे कधी उघडायचे हे कोण ठरवतं? आलमट्टीचा वाद नेमका काय? पूररेषेच्या आत घरं उभी कशी राहिली आणि भरपाई कोणाला मिळाली? यातला एक प्रश्न भूगोलाचा, एक कायद्याचा, एक अर्थशास्त्राचा, एक इतिहासाचा. कॉलेजच्या खिडकीवर मात्र पहिला सवाल असतो, ‘स्ट्रीम कोणती?’ अल-बिरुनी हिंदुस्थानात आला, संस्कृत शिकला आणि इथल्या धर्मावर, भूगोलावर, ग्रहगणितावर लिहून गेला. त्याचा अर्ज या खिडकीवर कोणत्या ढिगात ठेवला असता, कोण जाणे.

फर्ग्युसनपासून सुरुवात केली. १८८५ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीने काढलेलं हे कॉलेज. जुनी दगडी इमारत, मोठाली झाडं, मागे टेकडी. नव्या शैक्षणिक धोरणानंतर अशा जुन्या कॉलेजांतही एक मुख्य विषय आणि जोडीला दुसऱ्या विषयाचा ‘मायनर’ अशी सोय झाली आहे. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडा किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घ्या. फी आपल्यासारख्यांच्या आवाक्यातली. पदवीवर आंतरविद्याशाखीय असा शब्द नसला, तरी विषय नीट निवडले तर शिक्षण बरंचसं तसंच होतं. हे अनेक पालकांच्या ध्यानात येत नाही.

मात्र माहितीपत्रकावर विसंबू नये. एका कॉलेजात (नाव नको) छापील यादीत मायनरचे डझनभर विषय होते. भाचीने कारकुनाला विचारलं, “सर, यंदा यातले प्रत्यक्षात चालू किती?” तो हसला. “तीन. बाकीच्यांना मुलंच नाहीत.” मग वेळापत्रक मागितलं, तर भूगोल आणि अर्थशास्त्राचे तास एकाच वेळी. कागदावर दोन्ही विषय होते, पण मुलगी एका वेळी दोन वर्गांत कशी बसणार?

कॅम्पात आझम कॅम्पस. इथे आल्यावर बहिणीचा फोनवरचा आवाजसुद्धा सैल झाला. शाळेपासून कॉलेजपर्यंत सगळं एका आवारात. डोक्यावर स्कार्फ घेतलेल्या मुली आपल्या घाईत चाललेल्या, कोणी वळून पाहत नाही. हा निवांतपणा आईबापांना मोठा वाटतो आणि तो छोटा नाहीच. पण माझं मत विचाराल तर वातावरण आणि अभ्यासक्रम हे दोन वेगळे हिशेब आहेत. एकाचे मार्क दुसऱ्यात मिळवू नयेत.

दुसऱ्या दिवशी विमाननगर. सिम्बायोसिसचं लिबरल आर्ट्स स्कूल इथे २०११ पासून आहे. चार वर्षांचा अभ्यासक्रम, मुख्य विषय आणि मायनर वेगवेगळ्या शाखांमधून घेता येतात. तिथून शहर ओलांडून लवळे, फ्लेम विद्यापीठ. भोवती डोंगर, हिरवळ, राहणं तिथेच. भाची गप्प झाली, म्हणजे तिला आवडलं होतं. मग फीचे आकडे पाहिले आणि मीही गप्प झाले. वर्षाची रक्कम लाखांत, वर हॉस्टेल. दुलाभाईंचं दुकान पुरानंतर कसंबसं उभं राहिलेलं.

“खाला, स्कॉलरशिप असते ना?”

असते, बेटा. पण सगळीकडे सारखी नसते. काही ठिकाणी ती गुणांवर, काही ठिकाणी घरच्या उत्पन्नावर. बंगळूरच्या अझीम प्रेमजी विद्यापीठात घरची परिस्थिती पाहून फीत सवलत मिळते, म्हणून तिथलीही परीक्षा द्यायची असं बसमध्येच ठरलं. सवलत चारही वर्षं चालू राहते का, हॉस्टेल आणि मेस त्यात धरतात का, हे लेखी विचारून घ्यावं. मेसमध्ये काय मिळतं, रमजानमध्ये सहरीची सोय होईल का, हेही विचारायला लाजू नये.

दुलाभाईंचा सवाल वेगळाच होता. या डिग्रीने पुढे काय? यूपीएससी, एमपीएससीच्या बहुतेक परीक्षांना मान्यताप्राप्त विद्यापीठाची कोणतीही पदवी चालते. तीन वर्षांच्या एलएलबीलाही चालते. अडचण येते ती एम.ए., एम.एस्सी. किंवा बी.एड. करताना. तिथे विचारतात की अमुक विषय पदवीला किती होता. म्हणून मुख्य विषय एक पक्का हवा आणि गुणपत्रिकेवर त्याचं नाव स्पष्ट हवं. ‘सगळ्यातलं थोडं थोडं’ पुढे नडतं.

आता यादीत तीन नावं आहेत. बंगळूर पहिलं, सवलत मिळाली तरच. मग भूगोल मुख्य आणि अर्थशास्त्र मायनर घेऊन फर्ग्युसन, तासांची टक्कर होत नसेल तर. तिसरं सांगलीतलंच एक कॉलेज, घरी राहून. ते बहिणीने लिहिलंय. भाचीने त्यावर काट मारलेली नाही, फक्त समोर पेन्सिलीने लिहिलंय, ‘लायब्ररी बघून येणे.’