सात की आठ

स्पार्क प्लगच्या डब्यावर एक लांबलचक कोड छापलेला असतो. अक्षरं, आकडे, पुन्हा अक्षरं. बहुतेक लोक तो वाचत नाहीत, वाचायची गरजही नसते. माझ्या गाडीच्या प्लगवरच्या कोडमध्ये एक आकडा आहे सात आणि त्याच्या पुढे थोड्या अंतरावर दुसरा आहे आठ. सात म्हणजे प्लग किती उष्णता वाहून नेतो त्याचं माप, आणि आठ म्हणजे दोन टोकांमधली फट, ०.८ मिलिमीटर. कंपनीने विचार करून ठरवलेले आकडे. फक्त तो विचार त्यांनी २३० हॉर्सपॉवरसाठी केला होता.

गाडी ऑक्टाव्हिया व्हीआरएस. २०१७ साली भारतात आली, दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन. चार दारं आणि कपाटाएवढी डिकी असल्यामुळे तिला स्पोर्ट्स कार म्हटलं की काही जण नाक मुरडतात. मुरडू देत. मी ती सेकंडहँड घेतली आणि मागच्या वर्षी तिचा ईसीयू रीमॅप करून घेतला, ज्याला स्टेज वन म्हणतात. आता ताकद तीनशेच्या आसपास आहे. रीमॅपमध्ये लोखंडाचा एकही तुकडा बदलत नाही. सॉफ्टवेअर टर्बोला सांगतं, जास्त हवा ढकल, आणि इंजेक्टरला सांगतं, त्या हिशोबाने पेट्रोल दे. पिस्टन तेच, कॉइल त्याच, प्लगही तेच. म्हणजे पगार तोच आणि काम सव्वापट. इंजिन उघडायची वेळ आली तर खर्च लाखांत जाणार आणि वॉरंटी तर रीमॅपच्या दिवशीच संपली.

काही हजार किलोमीटरनंतर तिसऱ्या गिअरमध्ये, पूर्ण थ्रॉटलवर, गाडीला उचकी लागायला लागली. अगदी बारीक. शेजारी बसलेल्याला कळणारही नाही. ओबीडी स्कॅनर लावला तर मिसफायरचे आकडे चढलेले, आणि तेही फक्त बूस्ट भरात असताना. सिग्नलला उभी असताना शून्य.

याचं कारण १८८९ सालापासून माहीत आहे. फ्रिडरिश पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवलं की दोन टोकांमध्ये ठिणगी पडायला लागणारा व्होल्टेज वायूचा दाब आणि टोकांमधलं अंतर यांच्या गुणाकारावर अवलंबून असतो. टर्बो दाब वाढवतो. फट तेवढीच राहिली तर कॉइलला जास्त व्होल्टेज द्यावा लागतो, आणि कॉइल काही अमर्याद देत नाही. मग एखादी ठिणगी पडतच नाही. दाब कमी करायचा नसेल (त्यासाठीच तर पैसे दिलेत) तर फट कमी करायची. ०.८ ची ०.६५. इथवर वाद नव्हता. फार कमी केली तर ठिणगी इतकी छोटी होते की मिश्रण नीट पेटत नाही आणि गाडी आयडलिंगला थरथरते. मॉडिफाय केलेल्या टर्बो गाड्यांमध्ये लोक साधारण ०.६ ते ०.७ च्या मध्ये थांबतात.

वाद होता तो सात की आठ याचा.

प्लगला ‘गरम’ आणि ‘थंड’ म्हणतात तेव्हा ठिणगीबद्दल बोलत नसतात. थंड प्लगने इंजिन थंड होत नाही आणि गरम प्लगची ठिणगी जास्त गरम नसते. प्रश्न एवढाच आहे की प्लगच्या टोकावरची उष्णता किती लवकर सिलिंडर हेडमध्ये निघून जाते. आतल्या चिनी मातीच्या नळीचं नाक लांब असलं तर उष्णतेला लांबचा रस्ता, टोक तापलेलं राहतं, तो गरम प्लग. नाक आखूड असलं तर तो थंड. टोक साधारण ५०० अंशांच्या वर राहायला हवं, कारण तेव्हाच त्याच्यावरची काजळी आपोआप जळते. आणि ८००-९०० च्या पुढे जाता कामा नये, कारण मग ठिणगी पडायच्या आधीच ते तापलेलं टोक मिश्रण पेटवतं. पिस्टन अजून वर येतोय आणि वरून स्फोट खाली दाबतोय. असं काही सेकंद चाललं तरी पिस्टनच्या डोक्याला भोक पडू शकतं.

आकड्यांची गंमत अशी की एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होतो, आणि बॉशमध्ये आकडा वाढला की गरम. एनजीकेचा सात म्हणजे डेन्सोचा बावीस, आठ म्हणजे चोवीस. नाना पेठेत मी एका दुकानात ‘एक नंबर थंड’ मागितला तेव्हा काउंटरवरच्या काकांनी आधी विचारलं, “ताई, अॅक्टिव्हाचा ना?” गाडी सांगितल्यावर चष्मा वर करून म्हणाले, “मग कंपनी कुठली ते आधी सांगा, नाहीतर थंडच्या जागी गरम घेऊन जाल.” त्यांचं बरोबर होतं.

रीमॅप करणाऱ्याचं म्हणणं सरळ होतं. “मॅडम, आठच टाका. इंजिन महाग की प्लग?” नियम म्हणून सांगतात की दर ७५ ते १०० जादा हॉर्सपॉवरमागे एक पायरी थंड जायचं. माझी वाढ सत्तरच्या आसपास. म्हणजे नियम मला उंबरठ्यावर उभं करून निघून गेला.

सर्व्हिसिंग करणाऱ्या दादांचा प्रश्न वेगळा होता. “ताई, तुम्ही रोज जाता कुठं?” बावधन ते बाणेर. अंतर फार नाही, पण संध्याकाळी चाळीस मिनिटं. “मग आठ नंबर काळा पडतोय बघा.”

काळा पडणं म्हणजे काय हे माझ्या पिढीला स्कूटरमुळे माहीत आहे. बजाज चेतक सकाळी सुरू झाली नाही की बाबा तिला एका बाजूला कलती करायचे, मग प्लगपाना लावून प्लग काढायचे, टू-स्ट्रोकच्या तेलाने काळाकुट्ट झालेला. पॉलिश पेपरने घासून, फुंकर मारून, फडक्याने पुसून परत बसवायचा. काजळी विजेला चोरवाट देते. ठिणगी फट ओलांडण्याऐवजी काजळीवरून सरळ बॉडीत उतरते. तोच प्रकार थंड प्लगचा ट्रॅफिकमध्ये होतो, कारण टोक ५०० अंशांपर्यंत पोचतच नाही. फरक इतकाच की आताचा इरिडियम प्लग पॉलिश पेपरने घासायचा नसतो. मधली तार इतकी बारीक असते की घासलीत तर प्लग गेला.

इरिडियमबद्दलही एक गैरसमज आहे, की त्याने ताकद वाढते. नाही वाढत. इरिडियम २,४४६ अंशांना वितळतो, निकेल १,४५५ ला, म्हणून इरिडियमची तार बारीक करता येते आणि तरी ती झिजत नाही. बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजला उडते, ताणलेल्या कॉइलला तेवढाच दिलासा. ज्याला लोक ‘कॉपर प्लग’ म्हणतात त्याचं टोकही निकेलच्या मिश्रधातूचं असतं, तांबं फक्त आत गाभ्यात. ते स्वस्त पडतात आणि काही ट्यूनर दर काही हजार किलोमीटरला बदलत राहतात. मला तेवढा उत्साह नाही. ऑनलाइन अर्ध्या किमतीत मिळणारे इरिडियम मात्र घेऊ नका. एका विक्रेत्याकडून आलेल्या प्लगवर कोडची छपाई नखाने निघत होती. मी ते लगेच परत केले.

आता हिशोब. महिन्यातले पंचवीस दिवस गाडी ट्रॅफिकमध्ये. दोन-तीन वेळा लोणावळ्यापर्यंत, एक्सप्रेसवेच्या वेगमर्यादेत, म्हणजे इंजिनच्या दृष्टीने झोपेत. आणि वर्षातून एकदा कोइम्बतूरचं करी मोटर स्पीडवे, जिथे गाडी वीस-वीस मिनिटं खरोखर राबते. आठ त्या एका दिवसासाठी, सात बाकी सगळ्यासाठी. रीमॅप करणाऱ्याची भीती खरी होती, पण ती सतत पूर्ण थ्रॉटलची भीती होती. आणि माझी उचकी उष्णतेची नव्हतीच, ती दाबाची होती. तिचा इलाज फट, नंबर नव्हे. मी सातचा नवा संच घेतला आणि शिवाय आठचाही. दोन संचांचे पैसे देताना हात जड झाला, पण पिस्टनच्या तुलनेत ही चिल्लर आहे.

फट जेवणाच्या टेबलावर कमी केली. नाण्यासारखा गोल गेज इरिडियमला वापरायचा नाही, तो मधल्या तारेवर टेकतो. वरची पट्टी फक्त हलकेच दाबायची, तारेला स्पर्श न करता, आणि फीलर गेजच्या पातीने मापायचं. ०.७, ०.६८, ०.६५. एक प्लग ०.६ वर गेला, तो परत उघडला. आट्यांना ग्रीस लावलं नाही, कारण त्यांच्यावर आधीच मुलामा असतो आणि ग्रीस लावलं की टॉर्क रेंच खोटं बोलतो, प्लग गरजेपेक्षा जास्त आवळला जातो. त्याच संध्याकाळी मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला. उचकी नाही. स्कॅनरवर चारही शून्य.

जानेवारीत बाराशे किलोमीटर चालवत करीला गेले. दिवसभरात चार सेशन. नॉकचा सेन्सर ईसीयूला किती वेळा इग्निशन मागे घ्यायला लावतो ते फोनवर लॉग करत होते. पहिली दोन सेशन स्वच्छ, तिसऱ्यात उन्हाने थोडं मागे घेतलं, चौथ्यात तेवढंच. शेवटी दीड तास थांबले, कारण गरम अॅल्युमिनियमच्या हेडमधून प्लग काढला तर आटे निघून येतात. मग चारही काढून बॉनेटच्या कडेवर फडक्यात ओळीने ठेवले आणि फोनच्या मॅक्रोने पाहिले. चिनी मातीवर चमकणारे बारीक ठिपके दिसले तर ते पिस्टनचं अॅल्युमिनियम असतं. ठिपके नव्हते. फोडही नव्हते. एक, दोन आणि चार फिकट तपकिरी. तीनचा जरा जास्त पांढरा.

चारही परत बसवले आणि पुण्याला निघाले. आठचा संच अजून डिकीत आहे, सील न फोडलेला. पुढच्या वर्षी करीला पोचल्यावर, पहिल्या सेशनच्या आधी, तो बसवेन. निदान तीनला तरी.