नानांचा काटा

मी पडलो मराठीचा प्राध्यापक. इंजिनशी माझा संबंध बॉनेट उघडून गंभीरपणे आत पाहण्यापुरता. पण आमच्या २०१४ सालच्या गाडीत पिवळा दिवा लागला, तेव्हा मेकॅनिककडे जाण्यापूर्वी आपणच पाहावे, असे मनाने घेतले.

एप्रिल २०१३ पासून आपल्याकडच्या नव्या मोटारींना आपली दुखणी ठरावीक आकड्यांत सांगणे सक्तीचे झाले. स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटात काडेपेटीएवढे यंत्र खोचले, की मोबाइलवर आकडा उमटतो. आमचा होता पी ०३०२. वा! हे तर आमचे पद चालवणे! ‘पी’ म्हणजे इंजिन-गिअरचा प्रांत, शून्य म्हणजे सर्व कंपन्यांना समान संज्ञा, तीन म्हणजे ठिणगीचे प्रकरण, शेवटचे दोन म्हणजे दुसरा सिलिंडर. तो मिसिंग मारत होता. मात्र दोष कॉइलचा की प्लगचा, हे आकडा सांगत नाही.

त्याने सांगितले ते वेगळेच. दोष उमटला त्या क्षणाची नोंदही गाडी जपून ठेवते. तीत वेग होता ताशी १०८ किलोमीटर.

दर पंधरवड्याला गाडी घेऊन धुळ्याला आत्याकडे जातात ते आमचे नाना. वय अठ्ठ्याहत्तर. काटा साठाच्या वर जाऊ द्यायचा नाही, या बोलीवर घराने किल्ली त्यांच्याकडे ठेवलेली.

ओट्यावरून नानांनी विचारले, “काय म्हनस गाडी?”

“दुसरा सिलिंडर मिसिंग मारतोय, नाना.”

“आनि?”

मी गप्प. दारात सौभाग्यवती उभ्या होत्या. परीक्षेची रीत अशी, की दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लावायची, जुना आकडा पुसायचा आणि गाडी फिरवून आणायची. दोष तिसऱ्यावर सरकला, तर कॉइलच नादुरुस्त. पण आकडा पुसला, की वेगाची नोंदही जाते. मी ती पुसली. शास्त्राला धरून पुसली, एवढेच स्वतःला सांगितले.

बांभोरीच्या पुलापर्यंत जाऊन आलो. पी ०३०३! नवी कॉइल बसवली.

पुढच्या रविवारी किल्ली नानांकडेच होती. शेजारी मी बसलो. एरंडोल गेले, पारोळे गेले, काटा साठावरून हलला नाही. मग नाना समोर पाहतच म्हणाले, “त्या मशीनवर वेग बी दिसस का रे?”