तारेवरची काच

१९९८ च्या जानेवारीत रमजान नुकताच लागला होता. आम्ही सहेरीला बसलो होतो आणि फोन वाजला. आपाचा. आमच्याकडे पहाटेचे पाच, तिच्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ. माँट्रियलजवळ, नदीपलीकडच्या ब्रोसारला ती राहत होती. सातवा महिना चालू होता. तीन दिवस पाऊस पडतोय आणि पडेल तिथे गोठतोय, दिवे गेलेत, घर गार पडलंय, असं सांगताना तिचे दात वाजत होते.

अम्मी रडायला लागली. अब्बांनी फोन घेतला. उभा जन्म कोकणात लाइनमन म्हणून खांबांवर चढलेला माणूस. पहिला प्रश्न त्यांनी तब्येतीचा विचारला नाही. "बेटा, तारेवर जे बसलंय ते पांढरं आहे की काचेसारखं?"

मला रागच आला होता तेव्हा.

आपा म्हणाली, काचेसारखं. जाडी किती? तुमच्या चहाच्या ग्लासापेक्षा जास्त. अब्बांनी कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने हिशेब मांडला. आपल्याकडची 'पँथर' तार धरली : जाडी २१ मिलिमीटर, वजन मीटरला साधारण १ किलो. तिच्याभोवती सगळीकडून ४० मिलिमीटर बर्फ बसला तर मीटरला आणखी ७ किलो. दोन टॉवरांमध्ये ३०० मीटर अंतर असेल, तर एकेका तारेवर दोन टन नुसता बर्फ. "दिवे आज-उद्या येत नाहीत," ते म्हणाले. "कुठे शाळेबिळेत लोकांची सोय केली असेल तर उठा आणि तिकडे जा."

मग आपाने सहज सांगितलं, की दुल्हेभाई अंगणातली कोळशाची शेगडी घरात आणतायत. अब्बा असे ओरडले की शेजारी जागे झाले. बंद खोलीत कोळसा पेटवून झोपलेला माणूस सकाळी उठत नाही. त्या दिवसांत क्युबेकमध्ये काही जण नेमके असेच गेले, हे आम्हाला नंतर कळलं.

पांढरं की काचेसारखं, हे त्यांना ठाऊक होतं ते हिमाचलात काम करून आलेल्या एका जोडीदारामुळे. डोंगरमाथ्यावर ढगच तारेला घासून जातो. त्यातले बारीक थेंब लागताक्षणी गोठतात, मध्ये हवा अडकते, म्हणून ते पांढरं आणि ठिसूळ. काच वेगळी. वर उबदार हवेचा थर असतो, त्यात हिम वितळून पाऊस होतो. जमिनीलगत थंड हवेचा पातळ थर असतो. त्यातून येताना थेंब शून्याखाली जातो, पण गोठायला त्याला सवड मिळत नाही. तारेवर आदळून थोडा पसरतो आणि मग गोठतो. खालचा थर जाड असता तर वाटेतच गोठून गारगोळ्या झाल्या असत्या, आणि त्या तारेवरून उडून गेल्या असत्या. शिवाय बर्फ एका बाजूला वाढला की वजनाने तार पिळते, दुसरी बाजू वाऱ्यापुढे येते, आणि हळूहळू सगळीकडून गोल नळी तयार होते.

पण तिथेच का? पुढे नकाशा घेऊन बसलो तेव्हा उलगडलं. सेंट लॉरेन्स नदीचं खोरं नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे जातं. उत्तरेला लॉरेंशियन डोंगर, दक्षिणेला ॲपलेशियन. ईशान्येचा गार वारा या पन्हळीतून खाली उतरतो, आणि जड असल्यामुळे तळाशी पडून राहतो. मेक्सिकोच्या आखाताकडून आलेली दमट, उबदार हवा त्याला ढकलू शकत नाही, वरून चढते. एरवी हा खेळ काही तासांत आटोपतो. त्या वर्षी ५ ते १० जानेवारीत ८० तासांहून जास्त असा पाऊस पडला, म्हणजे माँट्रियलच्या वर्षभराच्या सरासरीच्या जवळजवळ दुप्पट. दक्षिणेकडे काही ठिकाणी १०० मिलिमीटरपर्यंत. एक टॉवर वाकला की त्याच्या तारांचा ताण शेजारच्याला ओढायचा, मग त्याच्या शेजारच्याला. क्युबेकमध्ये तीस लाखांहून जास्त लोक अंधारात होते.

अब्बांना यात नवल वाटलं नाही. आपल्याकडेही खाडीकाठच्या इन्सुलेटरवर खार बसतो आणि लाइन उडते, दोन टेकड्या आत गेलं की तीच लाइन मुकाट चालते. जागा बघितल्याशिवाय खांब रोवू नये, असं ते वरिष्ठांना सांगत. कोणी फारसं ऐकत नसे.

आपा एका शाळेत सतरंजीवर झोपली. इफ्तारला डबाबंद सूप. सोळाव्या दिवशी घरी दिवे आले, मार्चमध्ये मुलगी झाली.

तीच भाची काही वर्षांपूर्वी मला गाडीतून त्या शेतांमधून घेऊन गेली. आता तिथे बर्फ वितळवायला तारांतून जादा प्रवाह सोडण्याची सोयही एका जागी केली आहे, आणि ओळीत मधूनमधून जास्त भक्कम टॉवर उभे केलेत, की पडझड तिथे थांबावी. मी तिला गाडी थांबवायला सांगितली. काचेतूनच एक भक्कम टॉवर बघितला. अब्बा असते तर त्या थंडीत खाली उतरून पायाचे बोल्ट मोजून आले असते.