खुराड्याचें दार

आमच्या आजोबांच्या पिढींत ब्राह्मणाच्या परसांत कोंबड्या हिंडत आहेत असें कोणी सांगितलें असतें, तर ऐकणाऱ्यानें सांगणारा घर चुकला असेंच मानलें असतें. आतां तसें राहिलें नाहीं. पुष्कळ घरीं मुलांच्या ताटांत अंडें आलें, त्यामागोमाग 'बाजारचें कशाला, घरचेंच बरें' हा विचार आला, आणि विहीर, तुळस व गोठा यांच्या शेजारीं खुराड्यानेंही जागा धरली. हें बरें कीं वाईट, याचा निवाडा ज्यानें त्यानें आपल्या घरीं करावा. आम्हांस एवढेंच सांगावयाचें आहे कीं, कोंबडी पाळणें सोपें, राखणें अवघड. आणि राखण्यांत जें उणें पडतें त्याचा दोष बहुधा भलत्याच्याच माथीं जातो.

आमच्या कोंकणांतील घरीं धाकट्या पुतण्यानें हौसेनें सात गांवठी कोंबड्या आणल्या. आंब्याच्या पेट्यांच्या फळ्या व बाजारांत मिळणारी षट्कोनी घरांची बारीक तारेची जाळी यांचें त्यानें खुराडें केलें. आषाढांतील एका काळोख्या रात्रीं त्यांपैकीं पांच मेल्या. खाल्लेली एकही नव्हती. साऱ्यांच्या माना तेवढ्या चावलेल्या. आदल्या दुपारीं विहिरीपाशीं मुंगूस दिसलें होतें, तेव्हां गुन्हेगार शोधण्यास वेळ लागला नाहीं. विष घातलेलें अंडें कुंपणाशीं ठेवण्याचा बेत ठरूं लागला. कोंबड्यांच्या वाऱ्यासही न उभ्या राहणाऱ्या आमच्या वडील काकू तेवढ्यांत पडवींत आल्या आणि म्हणाल्या, "अरे, रात्रीं मुंगूस कुठलें हिंडायला? आणि पाळल्यास तूं, मग राखायच्या कोणीं? विषानें?"

त्यांच्या बोलण्याचा पहिला भाग प्राणिशास्त्रास धरून होता. मुंगूस दिवसा फिरणारें जनावर आहे. तें पिलें व अंडीं उचलतें, पण उजेडीं. रात्रीचे चोर निराळे: उदमांजर, जवादी मांजर, रानमांजर, आणि जमीन पोखरून वर येणारी घूस. खुणा पाहिल्या तर पुष्कळ कळतें. अंडीं टरफलासकट नाहींशीं झालीं, तर नाग किंवा धामण येऊन गेली असण्याचा संभव अधिक. कोंबडी समूळ गेली आणि कुंपणापर्यंत पिसें सांडलीं, तर रानमांजर, कोल्हा किंवा गांवचें कुत्रें. जोत्याशीं ताज्या मातीचा ढीग दिसला, तर घूस.

न खातां पांच जीव मारून जाणें, यास मनुष्य क्रौर्य म्हणतो. हान्स क्रूक या प्राणिशास्त्रज्ञानें १९७२ सालीं या वर्तनावर निबंध लिहिला. इंग्लंडच्या किनाऱ्यावर घरटीं करणारे समुद्रपक्षी अगदीं काळोख्या रात्रीं उडून जात नाहींत, आणि मग कोल्हा एकामागून एक मारीत सुटतो, असें त्यांस आढळलें. एरवीं एक सावज धरलें कीं बाकीचीं पळतात व शिकार तेथेंच संपते. तीं पळालींच नाहींत, तर मारण्याची प्रेरणा थांबत नाहीं. कोंबडीस अंधारांत फारसें दिसत नाहीं, आणि खुराड्यांतून पळण्यास वाट नसते. म्हणजे या संहाराचीं कारणें दोन, काळोख आणि कोंडमारा. पैकीं दुसरें आपणच फळ्या ठोकून उभें केलेलें असतें. ज्या पांखराची पळण्याची वाट आपण बंद केली, त्याच्याकडे येणारी वाटही बंद करणें हें आपलेंच कर्तव्य ठरतें.

तें कसें करावें? षट्कोनी जाळी कोंबडीस आंत ठेवते, बाहेरच्यास अडवीत नाहीं. कुत्रें ती फाडतें, आणि तिच्या घरांतून लहान साप सहज जातो. त्याऐवजीं सांधे डाकलेली, अर्ध्या इंचाच्या चौकोनांची जाड तारेची जाळी घ्यावी. मुंगसाचें डोकें जेथें शिरतें तेथें त्याचें सारें अंग शिरतें, हें लक्षांत ठेवून प्रत्येक फट बुजवावी. जाळी फूटभर जमिनींत गाडावी, अथवा तितकीच बाहेरच्या अंगास आडवी पसरून वर माती लोटावी. तळास चिरे किंवा कोबा असला तर घुशीचा प्रश्न मिटतो. बसण्याची काठी भिंतीपासून दूर असावी, म्हणजे बाहेरून पंजा पोंचत नाहीं. अंडीं सांजेस काढून घ्यावीं आणि सांडलेले दाणे झाडावे. कारण दाण्यास उंदीर येतो आणि उंदरामागून साप. दिवसा घार, शिक्रा व कावळा यांच्यापासून पिलांस जपण्यास जुनें डालगें अजूनही पुरतें.

विषाविषयीं मात्र स्पष्ट बोललें पाहिजे. तें अंडें मुंगूसच खाईल असा नेम नाहीं. घरचें मांजर खाईल, कावळा खाईल, एखादें मूलही हातांत घेईल. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें मुंगूस व रानमांजर या दोहोंसही संरक्षण आहे. आणि मुंगूस परसांतील उंदीर व साप खातें, हा त्याचा उपकार आपण विसरतों. पंचतंत्रांतील ब्राह्मणाच्या घरच्या मुंगसाची कथा आपल्या मुलांस पाठ असते. तिचें तात्पर्य मोठ्यांनींही स्मरावें. उलटपक्षीं, त्यास देवदूत मानण्याचेंही कारण नाहीं. १८७२ सालीं उसाच्या मळ्यांतील उंदरांचा नाश व्हावा म्हणून कलकत्त्याहून नऊ मुंगुसें जमेका बेटावर नेण्यांत आलीं. त्यांनीं उंदीर खाल्ले. पण पुढें त्यांची प्रजा कोंबड्यांवर आणि जमिनीवर घरटीं करणाऱ्या पांखरांवरही तुटून पडली. जनावर तेंच. तें आपला मित्रही नव्हे आणि वैरीही नव्हे. भुकेस जें सांपडेल तें तें खातें.

काकूंच्या प्रश्नाचा दुसरा भाग यांहूनही महत्त्वाचा होता. एकत्र कुटुंबांत जें काम सर्वांचें, तें कोणाचेंच नसतें. जाळी कितीही बळकट असो, सांजेस दार ओढून घेण्यास एक हात लागतो. थोरल्यास वाटतें धाकट्यानें लावलें, धाकट्यास वाटतें वहिनींनीं. आमच्याकडे नवीन खुराडें झालें त्या दिवशींच भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत आठवड्यागणिक एकेकाचें नांव लिहिलें गेलें. कोंबड्यांस अद्याप न शिवणाऱ्या काकू दिवेलागणीस मुलांची शुभंकरोति आटोपली कीं त्या नांवास हांक मारतात आणि कडी घातली कीं नाहीं तें विचारतात. त्या आषाढापासून एकही कोंबडी गेलेली नाहीं, आणि मुंगूस दुपारीं विहिरीकडे येतें तें येतेंच. ज्या घरीं कोंबड्या आणण्याचें घाटत असेल, त्यांनीं पिलांची किंमत विचारण्यापूर्वीं सांजेस दार कोण लावणार, एवढें आधीं ठरवावें.