चालले नाहीत ते पाय

माझी आई एका अनाथालयात आया आहे. तिथला वाकड्या पायांचा एक मुलगा तिचा पदर धरूनच वाढला. मागच्या वर्षी ती म्हणाली, "बाईंना विचारून त्याला गणपती बघायला आणू का रे?" मी म्हटले, "चाळीतले काय म्हणतील?" तिने पुन्हा विचारले नाही.

१९८४ साली लक्ष्मीकांत पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अशा मुलांसाठी आधी देशातच घर शोधावे. न मिळाल्यास परदेशात. याला इथे घर मिळाले नाही. इटलीहून एक जोडपे आले, कायद्याचे सोपस्कार झाले, आणि तो गेला.

हत्तीचे मस्तक असलेल्या देवासाठी आम्ही लालबागकर तासन् तास रांगेत उभे राहतो. वाकडे पाय मात्र आमच्या दारात चालले नाहीत.

आई अधूनमधून विचारते, "तिकडे थंडी फार असते का रे?" भूगोलाचा विद्यार्थी असूनही मला उत्तर देववत नाही.