पाटकऱ्याचा प्रश्न

आमचे थोरले चुलते प्रवरेच्या डाव्या पाटावर पाटकरी होते. श्रीरामपुराभोंवतीं ऊंस पिकतो तो भंडारदऱ्याच्या पाण्यावर. तें धरण १९२६ सालीं पुरें झालें. आवर्तन सुटलें कीं कोणाचें दार किती उघडावयाचें हें काकांच्या हातीं असे, आणि त्या दिवसांत भलेभले बागाइतदार त्यांस आधीं रामराम घालीत. पोटांतील जळजळ त्यांनीं वर्षभर खाण्याच्या सोड्यावर भागविली. अखेर, गांवच्या ज्या स्थानकास अजून बेलापूर म्हणतात तेथून, आम्ही त्यांस मुंबईस नेलें. जठराचा कर्करोग, आणि तोहि पसरलेला! काकांनीं डॉक्टरांस विचारलें, “साहेब, रान तेच, पाणी तेच, मग हे तण आलं कुठून?” डॉक्टर क्षणभर थांबले आणि पुढच्या रोग्याकडे वळले.

तो प्रश्न आम्हांस अनेक वर्षें बोंचत राहिला. पुढें पेशीशास्त्राचीं पुस्तकें चाळतांना दिसलें कीं काकांची उपमा फारशी चुकीची नव्हती. शरीरांतील बहुतेक पेशींत जनुकांचें बियाणें एकच असतें. जठराची पेशी आणि मज्जापेशी निराळ्या होतात त्या, कोणतें बीं उगवलें आणि कोणतें निजून राहिलें, ह्यामुळें. कर्करोगांत बियाणेंहि बिघडतें हें खरें. (हेलिकोबॅक्टर नांवाचा जंतु जठरांत वर्षानुवर्षें दाह पेटता ठेवतो, हें त्याचें एक मोठें कारण.) परंतु निजलेलें बीं जागें करण्यांत विजेचाहि हात असतो, हें आमच्या वाचकांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल.

पेशीच्या आवरणाच्या आंत पोटॅशियम फार, बाहेर सोडियम फार. पोटॅशियम आपल्या दारांतून बाहेर झिरपतें आणि आंतली बाजू ऋणभारित राहते. मज्जापेशींत हा फरक सुमारें ७० मिलिव्होल्ट. आंकडा क्षुल्लक वाटेल. पण आवरण इतकें पातळ कीं हेंच प्रमाण मीटरभर अंतरास लावलें तर एक कोटी व्होल्टांच्या घरांत जावें! पाटाच्या आणि रानाच्या पातळींत असावा तसाच हा फरक. तो घटला म्हणजे शास्त्रज्ञ त्यास विध्रुवण म्हणतात. भांड्यांतील द्रवांत पोटॅशियम वाढवूनहि तें घडवितां येतें. १९८६ सालीं मज्जापेशींसारख्या पेशींवर असा प्रयोग झाला, तेव्हां कॅल्शियमचीं दारें उघडलीं, कॅल्शियम आंत शिरलें, आणि थोड्याच वेळांत फॉस नांवाचें जनुक जागें झालें. पेशींच्या वाढीशीं ह्या जनुकाचा संबंध आहे.

जठराच्या कर्करोगाच्या पेशींत हर्ग नांवाचें पोटॅशियमचें एक दार आढळलें आहे. प्रयोगशाळेंत तें बंद केलें असतां पेशींची वाढ मंदावते. मौज अशी कीं पोटॅशियमचें दार मिटलें म्हणजे फरक घटावयास हवा, आणि झपाट्यानें वाढणाऱ्या पेशींत तर तो बहुधा आधींच घटलेला असतो. तेव्हां पातळी उतरली कीं तण माजलें, असा सरळ हिशेब येथें चालत नाहीं. किती उतरली, केव्हां, आणि कितीदां वरखालीं झाली, हें पाहावें लागतें. काकांस हें समजावून सांगावें लागलें नसतें. शिवाय तेंच दार हृदयाच्या ठोक्यासहि लागतें. औषध देऊन तें मिटवूं जावें तर हृदयाचा ताल चुकण्याचें भय!

मुंबईहून परतल्यावर काका तीनच महिने होते. शेवटच्या आठवड्यांत आवर्तन सुटलें होतें. खाटेवर पडल्यापडल्या पाण्याचा आवाज ऐकून त्यांनीं घराजवळच्या मोरीचें दार किती उघडलें आहे तें आम्हांस सांगितलें. आम्ही जाऊन पाहिलें. बरोबर होतें.